सैनिकाचे काळीज : छातीतील धडधड आणि दुसऱ्या मताचा इतिहास

अमेरिकेतील यादवी युद्ध ऐन भरात असताना फिलाडेल्फिया शहरातील टर्नर्स लेन रुग्णालयात एका निराळ्याच प्रकारचे सैनिक येऊ लागले. त्यांच्या अंगावर गोळीची जखम नव्हती, ताप उतरलेला होता, चेहराही बहुधा निरोगी दिसे. मात्र बंदूक आणि पाठीवरचे ओझे घेऊन थोडे पळताच त्यांची छाती अशी धडधडू लागे की रांगेतून बाहेर पडून खाली बसावे लागे. धाप लागे, भोवळ येई, डाव्या बाजूला कळ मारे, रात्री त्या कुशीवर निजवत नसे. लष्कराच्या नजरेत असा माणूस एक तर कामचुकार असे, नाही तर हृद्रोगी. पहिला शिक्का बसला की तो पुन्हा आघाडीवर जाई. दुसरा बसला की घरी. विशीतल्या तरुणाचे पुढचे सगळे आयुष्य या एका निवाड्यावर ठरत असे.

हा निवाडा करण्याचे काम ज्यांच्या वाट्याला आले, ते जेकब मेंडेस दा कोस्टा १८३३ साली कॅरिबियन समुद्रातील सेंट थॉमस बेटावर जन्मले होते आणि फिलाडेल्फियात वैद्यक शिकवत होते. त्यांनी घाई केली नाही. रुग्ण उभा असताना, निजलेला असताना आणि श्रम केल्यानंतर त्याच्या नाडीत काय फरक पडतो, हे ते पाहत राहिले. तीनशेहून अधिक सैनिकांच्या अभ्यासावर आधारलेला त्यांचा निबंध जानेवारी १८७१ मध्ये प्रसिद्ध झाला. या विकाराला त्यांनी नाव दिले होते ‘चिडखोर हृदय’. या तरुणांच्या हृदयाच्या झडपा बहुधा शाबूत होत्या. हृदयाची रचना बिघडलेली नव्हती, त्याचे वागणे बिघडले होते. दीर्घ ताप, अतिसार आणि जीवघेण्या कूचांनंतर ही तक्रार सुरू होई आणि विश्रांतीने हळूहळू ओसरे. रुग्ण खोटे बोलत नाही, तरीही त्याच्या हृदयाला प्राणघातक रोग झालेला नाही. या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, हे दा कोस्टा यांनी पुराव्यानिशी मांडले. आज हे साधे वाटते. पण वैद्यकाला ते पचवायला पुढची शंभर वर्षे पुरली नाहीत.

त्याच सुमारास इंग्लंडमध्ये हाच प्रश्न दुसऱ्या टोकाने सोडवला जात होता. नेटली येथील लष्करी वैद्यकीय विद्यालयाचे प्राध्यापक मॅक्लीन यांनी १८६७ साली पाठपिशवीच्या पट्ट्यांवर बोट ठेवले. कोल्डस्ट्रीम गार्ड्‌स पलटणीचे शल्यचिकित्सक आर्थर मायर्स यांनी १८७० साली घट्ट कॉलर, आवळलेला डगला आणि छातीवरून जाणारे पट्टे यांना दोषी ठरवले. पुढे पोशाख सैल झाला, ओझे बांधण्याची पद्धत बदलली. धडधड मात्र राहिली. कारण शोधणारा माणूस आपल्या डोळ्यांसमोर जे असते त्यालाच पकडतो, हे वैद्यकाच्या इतिहासात वारंवार दिसते. लष्करी डॉक्टरच्या डोळ्यांसमोर पट्टे होते.

मुळात धडधड म्हणजे काय? हृदय दिवसाला सुमारे एक लाख वेळा ठोके देते आणि माणसाला त्याचा पत्ताही नसतो. ज्या क्षणी हे काम जाणवू लागते, त्या क्षणी तक्रार सुरू होते. ठोके जलद असोत, अनियमित असोत किंवा अगदी नियमित पण जोरदार असोत, ‘जाणवणे’ हाच या लक्षणाचा गाभा आहे. म्हणून धडधड हा रोग नाही, ती एक बातमी आहे. आणि बातमी कुठून आली हे तिच्या आवाजावरून कळत नाही. मराठीत तर ‘काळीज’ हा शब्द शरीरशास्त्राच्या दृष्टीने यकृताचा. पण भीती, माया आणि धैर्य यांचा मुक्काम भाषेने तिथेच ठरवला आणि ठोकाही त्याचाच चुकवला. मन आणि हृदय यांची ही सरमिसळ फार जुनी आहे. दुसऱ्या शतकात रोममध्ये गेलेन या वैद्याने झोप उडालेल्या एका स्त्रीची नाडी धरली असता, नर्तक पायलेडीसचे नाव निघताच ती अनियमित झाली. गेलेनने पुढच्या दिवशी मुद्दाम दुसऱ्याच नर्तकाचे नाव काढायला लावले आणि नाडी हलत नाही याची खात्री करून घेतली. प्रेमाच्या निदानापेक्षा ही उलटतपासणी जास्त मोलाची होती.

१८१६ साली पॅरिसमध्ये लाएनेकने स्टेथोस्कोप शोधला आणि वैद्याला छातीच्या आत ऐकता येऊ लागले. लाभ मोठा झाला, पण एक नवी आपत्तीही आली. दोन ठोक्यांच्या मध्ये ऐकू येणारी फुसफुस, जिला इंग्रजीत ‘मर्मर’ म्हणतात, ती म्हणजे झडपेचा रोग, असे समीकरण रूढ झाले. निरोगी तरुणांच्या हृदयातही असा आवाज येऊ शकतो, हे कुणी ध्यानात घेत नव्हते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अशी फुसफुस ऐकू आलेल्या माणसाला धावू नकोस, जिने चढू नकोस, कष्टाची नोकरी धरू नकोस, असे सांगितले जाई. विमा नाकारला जाई. धडधडीची भीती घेऊन दवाखान्यात गेलेला माणूस बाहेर पडताना जन्मभराचा रोगी होऊन पडे.

हे समीकरण ज्याने मोडले तो मोठ्या विद्यापीठातला प्राध्यापक नव्हता. जेम्स मॅकेन्झी हा स्कॉटलंडमधल्या शेतकऱ्याचा मुलगा. १८७९ पासून लँकशायरमधील बर्नली या गिरणगावात तो साधा दवाखाना चालवत होता. हृद्रोग असलेली एक गर्भवती त्याच्या देखरेखीखाली होती; बाळंतपणात तिचे हृदय थकले आणि ती दगावली. मॅकेन्झीला हे टोचत राहिले की आपल्याला तो धोका आधी ओळखता आला नाही, आणि पुस्तकेही सांगत नव्हती की कोणते लक्षण प्राणघातक आणि कोणते निरुपद्रवी. (सांधेतापाने झडप आखडलेल्या आणि ते बाळंतपणापर्यंत ठाऊकच नसलेल्या स्त्रिया भारतातल्या प्रसूतिगृहांत आजही येतात, ही कथा फक्त बर्नलीची नाही.)

त्याने मग एक असे काम आरंभले, ज्याला हुशारीपेक्षा चिकाटी जास्त लागत होती. मानेच्या शिरेची आणि मनगटाच्या नाडीची स्पंदने एकाच वेळी कागदावर उमटवणारे यंत्र त्याने वापरात आणले. पुढे शॉ या घड्याळजीने त्याला शाईने रेघ ओढणारे सुटसुटीत यंत्र बनवून दिले. मानेची शीर हृदयाच्या वरच्या कप्प्याची हालचाल सांगे, मनगट खालच्या कप्प्याची. दोन्ही रेषा शेजारी ठेवल्या की गोंधळलेल्या नाडीचेही व्याकरण उलगडू लागे.

त्या व्याकरणात पहिला उलगडा झाला तो ‘चुकलेल्या ठोक्या’चा. हृदय मध्येच एक ठोका चुकवते अशी रुग्णाची तक्रार असते. रेषा वेगळेच सांगत होत्या. चुकलेला ठोका खरे तर आगाऊ पडलेला असतो. तो वेळेआधी येतो, तेव्हा कप्पे पुरते भरलेले नसतात, म्हणून तो मनगटापर्यंत पोचतच नाही. त्यानंतर हृदय किंचित जास्त वेळ थांबते, अधिक भरते, आणि पुढचा ठोका धप्पकन आदळतो. माणूस घाबरतो तो या तिसऱ्या घटनेला. हॉलंडचे कारेल वेंकेबाख हेही याच सुमारास याच उलगड्यावर काम करत होते. मॅकेन्झीचे वेगळेपण असे की गावाचा डॉक्टर असल्यामुळे तेच रुग्ण त्याला वर्षानुवर्षे भेटत राहिले. ज्यांच्या हृदयात अन्य दोष नव्हता आणि फक्त असे आगाऊ ठोके पडत होते, ती माणसे गिरणीत राबत होती, पोरेबाळे वाढवत होती, म्हातारी होत होती. रुग्णालयातला तज्ज्ञ रुग्णाला एकदा पाहतो आणि भविष्य वर्तवतो. बर्नलीच्या डॉक्टरने भविष्य घडताना पाहिले होते. ‘द स्टडी ऑफ द पल्स’ हा त्याचा ग्रंथ १९०२ साली आला, तेव्हाही तो बर्नलीतच होता.

पण त्याच रेषांनी दुसरीही एक गोष्ट दाखवली. काही रुग्णांची नाडी कायमचीच बेताल होई आणि त्यांच्या मानेच्या शिरेवरची वरच्या कप्प्याची लाट साफ नाहीशी होई. ही निरुपद्रवी गंमत नव्हती. लायडन येथील विलेम आइन्टहोवेन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी तारेचा गॅल्व्हानोमीटर सिद्ध केला. हृदयाची सूक्ष्म वीज त्यातून कागदावर उतरू लागली आणि ईसीजीचा जन्म झाला. या यंत्राच्या साहाय्याने लंडनमध्ये थॉमस लुईस यांनी १९०९ साली दाखवून दिले की अशा रुग्णांच्या हृदयाचे वरचे कप्पे आकुंचन न पावता नुसते थरथरत असतात. आज याला एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात, आणि त्यातून रक्ताची गुठळी होऊन पक्षाघात होऊ शकतो. म्हणजे बेताल नाडीचे दोन अगदी वेगळे अर्थ निघाले. एकासाठी धीर पुरेसा होता, दुसऱ्यासाठी उपचार हवे होते. बोटांनी नाडी चाचपून हा फरक करणे निष्णात वैद्यालाही कठीण होते.

याच थरथरीबाबत वेंकेबाख यांच्याकडची एक हकीकत सांगण्याजोगी आहे. १९१२ साली त्यांच्याकडे एक डच व्यापारी आला. तो म्हणाला, ही धडधड मला आपली आपण थांबवता येते. हवे तर उद्या सकाळी नाडी नियमित करून दाखवतो. वेंकेबाख यांचा विश्वास बसला नाही. दुसऱ्या दिवशी तो खरोखरच नियमित नाडी घेऊन हजर झाला. हिवतापाच्या प्रदेशात राहिलेल्या त्या माणसाने स्वतःवर क्विनाइन वापरून पाहिले होते. त्यातूनच पुढे क्विनिडीन हे हृदयाचे औषध पुढे आले. त्या वेळी दुसरे मत रुग्णाचे होते आणि वेंकेबाख यांचा मोठेपणा असा की त्यांनी ते छापून टाकले.

१९१४ साली महायुद्ध पेटले आणि दा कोस्टांचे सैनिक हजारोंच्या संख्येने परतले. ब्रिटिश सैन्यात त्यांच्या कागदावर दोनपैकी एक शेरा पडे : ‘हृदयाची विस्कळीत क्रिया’ किंवा ‘हृदयाच्या झडपेचा रोग’. दोन्ही शेऱ्यांचा परिणाम जवळजवळ सारखाच होता. माणूस महिनोन्‌महिने खाटेवर पडून राही, इस्पितळामागून इस्पितळे बदलली जात आणि अखेर निवृत्तिवेतन देऊन त्याला घरी धाडले जाई. आतापर्यंत लंडनमध्ये येऊन नामांकित झालेल्या मॅकेन्झीने या तरुणांना पुन्हा तपासायला सुरुवात केली, तेव्हा त्याला दिसले की खरा हृद्रोग त्यांच्यातल्या थोड्यांनाच आहे. उरलेल्यांना फुसफुस ऐकू येणाऱ्या एका कानाने आणि घाईने लिहिणाऱ्या एका हाताने रोगी केले होते.

१९१६ साली लंडनच्या हॅम्पस्टेड भागात केवळ अशा सैनिकांसाठी लष्करी हृदय रुग्णालय उघडले. मॅकेन्झी, विलियम ऑस्लर आणि क्लिफर्ड ऑलबट हे तिघे सल्लागार, प्रत्यक्ष कामाची धुरा लुईस यांच्याकडे. पुढच्या वर्षी ते कोलचेस्टरला हलले. वैद्यकाच्या इतिहासात इतक्या मोठ्या प्रमाणावर, इतक्या पद्धतशीरपणे घेतलेले ‘दुसरे मत’ त्याआधी क्वचितच आढळेल. लुईस यांच्याकडे जगातले त्या काळचे सर्वोत्तम यंत्रज्ञान होते. ईसीजीमध्ये त्यांच्याएवढा अधिकार दुसऱ्या कुणाचा नव्हता. तरीही या सैनिकांसाठी त्यांनी मुख्य कसोटी निवडली ती साधी होती : माणसाला जिना चढायला लावा, कवायत करायला लावा, आणि मग नाडी किती वेळात मूळपदावर येते ते पाहा. खाटेवर पडून राहण्याची सक्ती त्यांनी मोडून काढली आणि टप्प्याटप्प्याने वाढत जाणारी कवायत सुरू केली. ज्याला झेपेल तो वरच्या वर्गात जाई, ज्याला झेपणार नाही त्याची सुटका होई. दा कोस्टांच्या काळापासून दिले जाणारे डिजिटॅलिस हे औषध या रुग्णांना काही उपयोगाचे नाही, हेही तपासून सिद्ध झाले. १९१८ साली लुईस यांनी या विकारावर पुस्तक लिहिले आणि त्याला ‘श्रम-लक्षणसमूह’ अशा अर्थाचे नाव दिले. ‘हृदय’ हा शब्दच निदानातून वगळला, कारण त्या शब्दाने रुग्ण घाबरतो, असे त्यांचे मत होते. नावातूनही माणूस आजारी पडतो, हे ओळखणारा हा डॉक्टर होता.

या यशोगाथेला एक किनार आहे आणि ती झाकण्याचे कारण नाही. हे रुग्णालय लष्कराचे होते. माणसे बरी करण्याइतकाच, कदाचित अधिकच, त्याचा हेतू ती पुन्हा उपयोगात आणण्याचा आणि निवृत्तिवेतनाचा बोजा हलका करण्याचा होता. आणि विकाराचे मूळ कारण लुईस यांनाही गवसले नाही. ते संसर्गाकडे झुकत होते. दुसऱ्या महायुद्धात पॉल वुड यांनी तसेच रुग्ण पुन्हा तपासले आणि १९४१ साली सांगितले की ही लक्षणे श्रमाची नसून भीतीची आहेत. आज काही डॉक्टरांना दा कोस्टांच्या वर्णनात वेगळेच काही दिसते : उभे राहताच नाडीचा वेग अवाजवी वाढण्याचा, स्वायत्त मज्जासंस्थेशी निगडित विकार. दुसऱ्या मतालाही तिसरे मत असते.

धडधडीचे मूळ नेहमी हृदय किंवा मन या दोनच घरांत शोधले जाते, तेही चूकच. डब्लिनचे रॉबर्ट ग्रेव्ह्ज यांनी १८३५ साली तीन स्त्रियांची हकीकत प्रसिद्ध केली होती. तिघींची छाती दीर्घकाळ जोराने धडधडत होती आणि तिघींच्याही गळ्यातील थायरॉइड ग्रंथी सुजली होती. दोष हृदयाचा नव्हता, मनाचाही नव्हता. रक्तक्षय हे असेच आणखी एक घर. भारतात १५ ते ४९ वयोगटातील निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयी आहेत हे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत नोंदलेले आहे; त्यांच्यातल्या अनेकींच्या धडधडीचे उत्तर रक्ताच्या साध्या तपासणीत असते.

मॅकेन्झी आणि लुईस यांच्या शिकवणीचा लंबक मग उलट दिशेलाही गेला. तरुण आहे, झडपा चांगल्या आहेत, मग हे नक्कीच मनाचे खेळ, असे म्हणणे सोपे झाले. एप्रिल १९२८ मध्ये बोस्टनचे पॉल डडली व्हाइट यांच्याकडे एक व्यायामशिक्षक आला. वय पस्तिशीचे, शरीर कमावलेले, आणि तरीही हृदय एकाएकी सुसाट धावण्याचे झटके. झटका नसतानाचा त्याचा ईसीजी विचित्र होता. पण थोडा व्यायाम करून घेताच तो अगदी सर्वसाधारण दिसू लागला. व्हाइट तरुणपणी लुईस यांच्या हाताखाली शिकले होते. त्यांनी स्वतःच्या तर्कावर विसंबून न राहता तो आलेख लंडनला जॉन पार्किन्सन यांना दाखवला. पार्किन्सन हे मॅकेन्झींचे जुने साहाय्यक, आणि महायुद्धात फ्रान्समधील लष्करी हृदय केंद्र सांभाळलेले. त्यांनी आपले दप्तर चाळले तर तसेच आलेख त्यांच्याकडेही निघाले. बोस्टनचे लुई वुल्फ यांच्यासह तिघांनी ११ रुग्णांवरचा निबंध १९३० साली प्रसिद्ध केला. त्याच्या शीर्षकातच ‘निरोगी तरुण’ हे शब्द आहेत. तिघांच्या आद्याक्षरांवरून हा विकार आजही डब्ल्यूपीडब्ल्यू या नावाने ओळखला जातो.

त्याचा उलगडा पुढच्या दोन-तीन वर्षांत इतर संशोधकांनी मांडला. हृदयाच्या वरच्या कप्प्यांतून खालच्या कप्प्यांत विजेचा संदेश जाण्यासाठी एकच नेमलेली वाट असते आणि तिच्यावर एक नाका असतो. तिथे संदेश क्षणभर अडवला जातो. काही माणसांत जन्मतःच स्नायूची एक जादा आडवाट असते, तिच्यावर नाका नसतो. संदेश एका वाटेने खाली उतरतो, दुसरीने वर चढतो आणि गोल फिरत राहतो. हृदय मिनिटाला दीडशे-दोनशे वेळा धावू लागते आणि दिव्याचे बटण बंद करावे तसे एकदम थांबते. दवाखान्यात पोचेपर्यंत नाडी साफ नियमित असते आणि डॉक्टर म्हणतात, काही नाही. २ मे १९६८ रोजी उत्तर कॅरोलायनातील ड्यूक विद्यापीठात विल सीली यांनी एका तरुण मच्छीमाराची छाती उघडून ही आडवाट कापली. आता त्यासाठी छाती उघडावी लागत नाही. मांडीच्या शिरेतून नेलेल्या तारेने ती जाळून टाकता येते. मनाचे खेळ ठरवल्या गेलेल्या त्या झटक्यांचा इलाज इतका ठोस निघाला.

सगळी मेख मग ‘झटका चालू असताना’ या शब्दांत आहे. मॉन्टाना राज्यातील नॉर्मन होल्टर यांना हे कळले होते. हृदय रुग्णालयात निजलेले असताना जे करते ते त्याचे खरे जीवन नव्हे, असे त्यांचे म्हणणे. १९४० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी चालत्याफिरत्या माणसाचा ईसीजी घेणारे यंत्र बनवले. ते पाठीवर बांधून न्यावे लागे आणि त्याचे वजन सुमारे ३८ किलो होते. यादवी युद्धातल्या सैनिकाच्या ओझ्याहूनही जड. १९६१ पर्यंत ते खिशात मावण्याच्या दिशेने बरेच आक्रसले, आणि आज दिवसभर छातीला चिकटवून ठेवायच्या नोंदयंत्राला सर्वत्र होल्टर असेच म्हणतात.

नोंद हाती आली, तरी तिच्यावरून निष्कर्ष काढताना घाई झाली तर काय होते, हे १९८९ साली कळले. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या रुग्णांत आगाऊ ठोके जास्त पडत असतील तर मृत्यूचा धोका वाढतो, हे ठाऊक होते. म्हणून ते ठोके औषधांनी दाबून टाकणे अमेरिकेत सर्रास रूढ झाले. ठोके दबतही होते. कास्ट या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चाचणीत एन्केनाइड आणि फ्लेकेनाइड ही औषधे घेणाऱ्या ७५५ रुग्णांपैकी ६३ दगावले. निष्क्रिय गोळी घेणाऱ्या ७४३ पैकी २६. चाचणी मध्येच थांबवावी लागली. आलेख सुधारला होता, माणसे मरत होती.

आणि उलट बाजूची चूकही जुनी झालेली नव्हती. १९९७ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, ज्यांच्या हृदयात खरोखर विजेचा असा फेरा सिद्ध झाला होता अशा १०७ रुग्णांचा पूर्वेतिहास तपासला गेला. त्यांच्यापैकी ५५ टक्के लोकांत पहिल्या तपासणीत तो ओळखूच आला नव्हता. योग्य निदान व्हायला तीन वर्षांहून अधिक काळ लागला होता. ६७ टक्के रुग्णांची लक्षणे भीतीच्या झटक्यांच्या, म्हणजे ‘पॅनिक’च्या, अधिकृत कसोटीत चपखल बसत होती. ज्यांचा विकार निसटला त्यांच्यात चिंता किंवा मानसिक ताण हा शेरा ६५ टक्के स्त्रियांवर मारला गेला होता आणि ३२ टक्के पुरुषांवर. सैनिकाच्या बाबतीत संशय कामचुकारपणाचा होता. स्त्रीच्या बाबतीत तो स्वभावाचा झाला, एवढाच फरक.

या साऱ्या प्रकरणांत दुसऱ्या मताने काम केले ते केवळ दुसरा माणूस बोलला म्हणून नव्हे. दर वेळी काही नवे मांडले गेले : मॅकेन्झीने काळ दिला, लुईसने जिना, पार्किन्सनने दप्तर, होल्टरने चालता दिवस. तोच ईसीजी घेऊन पाचव्या डॉक्टरकडून पाचव्यांदा ‘घाबरू नका’ ऐकणे म्हणजे दुसरे मत नव्हे. झटका एकदाही नोंदला गेला नसताना ‘नर्व्हस स्वभाव’ असे निदान झाले असेल, तर ते मागावे. झटका दिव्यासारखा एकदम सुरू होऊन एकदम बंद होत असेल, श्रम करताना शुद्ध हरपली असेल, घरात कुणी तरुणपणी अचानक दगावले असेल आणि तरीही प्रश्न तिथेच मिटवला जात असेल, तर नक्कीच मागावे. जन्मभराचे औषध, तारेची शस्त्रक्रिया किंवा पेसमेकर सुचवला गेला आहे आणि तो नेमका कोणत्या नोंदीच्या आधारे, हे कुणी समजावून सांगितलेले नाही, अशा वेळीही.

तातडी ही मात्र वेगळी गोष्ट. धडधडीबरोबर शुद्ध जात असेल, छातीवर दाब येत असेल, श्वास पुरत नसेल, तर मते गोळा करण्याची ती वेळ नव्हे. जवळचे रुग्णालय गाठावे, महाराष्ट्रात १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. दुसरे मत हे शांत दिवसाचे काम आहे. त्यासाठी जाताना जुने आलेख मूळ स्वरूपात न्यावेत, फक्त अहवालाचा सारांश नव्हे. झटका किती वाजता आला, तेव्हा काय चालू होते, नाडी मिनिटाला किती आणि नियमित की बेताल, तो कसा थांबला, एवढे वहीत असले की डॉक्टरच्या हाती मॅकेन्झीच्या रेषांसारखेच काहीतरी पडते. मनगटावरची काही घड्याळे आता ३० सेकंदांचा एका मार्गाचा ईसीजी घेतात. कधी ती नेमका झटका पकडतात, कधी निरोगी माणसाला उगाच भेडसावतात, आणि त्यांच्या पडद्यावरच्या शेऱ्यापेक्षा त्यांनी उमटवलेली रेघ डॉक्टरला जास्त उपयोगी पडते.